सोबत तिकीट जोडले आहे

पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात जाऊन तान्ह्या बाळांची वजनं करायची असतील, तर आधी नाटोकडून क्रमांक आणावा लागतो. हो, तीच नाटो, रणगाड्यांची. त्याचं असं आहे की अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे, अनुदान मागायचं तर आधी तिथल्या सरकारच्या सॅम नावाच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. आणि अमेरिकेबाहेरच्या संस्थेला त्या वहीत नाव घालायचं तर त्याआधी नाटोचा पाच अक्षरी एनकेज क्रमांक हवा. पाणबुडीचे नटबोल्ट पुरवणारा कारखानदार आणि अंगणवाडीच्या ओट्यावर वजनकाटा मांडणारी आमची संस्था, दोघंही एकाच रांगेत. रांगेत खरं घोडं अडतं ते पत्त्यावर. आमच्या ट्रस्ट डीडवर ‘मारुतीच्या देवळासमोर’ असं आहे, वीजबिलावर ‘मारुती मंदिराजवळ’ आणि पॅन कार्डावर मारुती अजिबात नाही. आपल्या पोस्टमनला या तिन्ही पत्त्यांत काही फरक वाटत नाही. नाटोच्या लेखी त्या तीन वेगळ्या संस्था ठरतात.

वैद्यकीय संशोधन करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या ग्रँट ऑफिसात मी बसते. ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था असं आमच्या पाटीवर लिहिलं आहे. ते तत्त्व कुणी लिहून ठेवलं नसतं तरी आमच्याकडून आपोआप पाळलं गेलं असतं. आमचे डॉक्टर आजाराचा विचार करतात आणि मी त्या विचाराला पैसे कुठून येतील, आले तर कुठल्या खात्यात उतरतील, उतरले तर कुणाच्या सहीनं बाहेर पडतील आणि पडले तर कुठला कागद मागे ठेवून पडतील, याचा. नातेवाइकांना हे समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. आमच्या आत्याबाईंची समजूत आहे की मी औषधाच्या कंपनीत आहे आणि कुणाला सॅम्पल देत नाही.

एनआयएचचे नियम तसे सुटसुटीत आहेत. अक्षर ११ पॉइंटाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, समास अर्ध्या इंचाहून कमी ठेवायचा नाही, नेहमीच्या मोठ्या अर्जात संशोधनाचा आराखडा १२ पानांत आणि उद्दिष्टं एका पानात बसवायची. (आमच्या सरांना, म्हणजे मुख्य डॉक्टरांना, एखादा रोग आटोक्यात आणणं एकवेळ जमेल, पण आपली उद्दिष्टं एका पानात आणणं कठीण.) वर्षातून तीन तारखा ठरलेल्या: ५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर. वेळ संध्याकाळचे पाच, आणि तेही अर्जदाराच्या गावच्या घड्याळाप्रमाणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा फार मनाचा मोठेपणा वाटला. पण फेब्रुवारीत पुण्यात पाच वाजतात तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि अर्ज अडकला तर ज्यानं फोन उचलायचा तो गृहस्थ अजून दात घासत असतो. नेमक्या त्या दिवशी पावणेपाचला सर केबिनमधून बाहेर येतात, माझ्या टेबलाशी उभे राहतात आणि अगदी कोवळ्या आवाजात म्हणतात, “मॅडम, एक छोटासा बदल होता.”

या सगळ्या कागदांत मला मनापासून आवडणारा एक प्रकार आहे. त्याला बजेट जस्टिफिकेशन म्हणतात. मागितलेली प्रत्येक वस्तू का हवी, हे दात्याला पटवून देणारं हे गद्य. मराठी साहित्यात त्याची कुणी दखल घेतलेली नाही, कारण ते इंग्रजीत लिहावं लागतं, पण त्यातलं आर्जव अस्सल देशी असतं. उणे ८० अंशांचा फ्रीजर हवा, हे दाता लगेच समजतो. रक्ताचे नमुने राखायचे तर तेवढा गारठा हवाच. पुढच्या ओळीत आम्ही जनरेटर मागतो. तिथे दात्याच्या भुवया वर जातात. मग दर गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची आमच्याकडची जुनी रीत लंडनच्या किंवा बॉस्टनच्या माणसाला कळेल अशा बेतानं मांडायची. फार मांडली तर ‘अशा ठिकाणी नमुने सुरक्षित तरी राहतील का’ अशी शंका येते आणि अख्खं ग्रँट धोक्यात येतं. कमी मांडली तर जनरेटर जातो. वीज जाते खरी, पण फारशी जात नाही. जाते तेव्हा मात्र जनरेटरशिवाय चालणार नाही इतकी जाते. हा तोल ज्याला साधला तो कोणत्याही दिवाळी अंकात खपून जाईल.

जनरेटर मंजूर झाला की पुढचा प्रश्न डिझेलचा. डिझेल ‘यंत्रसामग्री’त बसत नाही, ‘उपभोग्य वस्तूं’त बसवलं तर रसायनांच्या बाटल्यांशेजारी विचित्र दिसतं, आणि ‘वीज’ या सदरात टाकावं तर ते सदर दात्यानं आधीच खोडलेलं असतं. वीज, पाणी, जागेचं भाडं, झाडणारी बाई, रखवालदार, अकाउंट्सवाले काका आणि अस्मादिक, या सगळ्यांना मिळून ‘अप्रत्यक्ष खर्च’ असं म्हणतात. आम्ही रोज सकाळी साडेनऊला प्रत्यक्ष हजर असतो, ही गोष्ट अलाहिदा. एनआयएच अमेरिकेबाहेरच्या संस्थेला या खर्चापोटी ८ टक्के देत आली. काही दाते काहीच देत नाहीत आणि पत्रात लिहितात की आमचा प्रत्येक रुपया थेट संशोधनावर खर्च व्हावा अशी आमची भूमिका आहे. भूमिका उदात्त आहे. तो प्रत्येक रुपया थेट संशोधनावर खर्च झाला हे सिद्ध करणारा तक्ता तिमाहीला पाठवा, असं त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर असतं. तो तक्ता कुणी भरायचा, याबद्दल पत्र मौन पाळतं.

परदेशातला पैसा म्हटला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आलाच. त्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि देशभरातल्या संस्थांना फर्मान निघालं की परदेशी देणगी स्वीकारण्याचं खातं एकाच ठिकाणी हवं: स्टेट बँक, नवी दिल्ली मुख्य शाखा, ११ संसद मार्ग. आता लंडनहून निघालेला पैसा पुण्याला यायचा तर आधी दिल्लीला पायधूळ झाडूनच पुढे येतो. आमच्या काकांनी आयुष्यात दिल्ली पाहिलेली नाही, पण त्या शाखेचा पत्ता ते झोपेतही पिनकोडसकट सांगतील.

त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. आता प्रशासकीय खर्च कशाला म्हणायचं, ते नियमांत नीट दिलं आहे, आणि ते वाचताना मला दर वेळी नवी मौज सापडते. संशोधन हेच ज्या संस्थेचं मुख्य काम, तिथे शेतातून, घरांतून माहिती गोळा करणाऱ्यांचा आणि तिचं विश्लेषण करणाऱ्यांचा पगार प्रशासकीय धरायचा नाही. अहवाल लिहून तो सादर करण्याचा खर्च मात्र प्रशासकीय. आमच्याकडे एक तरतरीत मुलगा आहे, सकाळी गावांतून आलेले फॉर्म संगणकात भरतो आणि दुपारी त्याच आकड्यांचा अहवाल टाइप करतो. म्हणजे खुर्ची तीच, संगणक तोच. पण जेवणाचा डबा उघडेपर्यंत तो संशोधक असतो आणि डबा धुऊन आला की प्रशासन होतो. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, “मग मॅडम, चहाच्या सुट्टीत मी कोण?” काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “चहाच्या सुट्टीत तू जनरल फंड.”

माणसांवर संशोधन करायचं तर नैतिकता समितीची परवानगी हवी, आणि हवीच. त्यात हसण्यासारखं काही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत ७ ते १५ माणसं असावीत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, कायदा जाणणारं कुणी असावं, समाजशास्त्राचं कुणी असावं आणि एक सामान्य माणूस असावा. डॉक्टर मिळतात, वकील मिळतात. सामान्य माणूस मिळवताना नाकी नऊ येतात. पुण्यात तर विशेषच. एकतर आपण सामान्य आहोत हे कुणी कबूल करत नाही, आणि करणारा भेटलाच तर त्याचे या विषयावर दोन लेख प्रसिद्ध झालेले असतात. आर. के. लक्ष्मणांचा चौकड्याच्या कोटातला कॉमन मॅन पुण्यात पुतळ्याच्या रूपानं उभा आहे, पण तो बैठकीला येणार नाही, आणि आला तरी त्याचा बोलण्याचा लौकिक नाही.

शेवटी आम्हाला एक गृहस्थ मिळाले, पूर्वी स्टेशनरीचं दुकान चालवणारे. तर समितीच्या नोंदणीसाठी त्यांचा बायोडेटा लागला. सामान्य असल्याचा बायोडेटा कसा लिहायचा, याचा नमुना कुठेही उपलब्ध नाही. मग त्यांनी संशोधनातील सद्व्यवहाराचं प्रशिक्षण घेतलं, त्याचं प्रमाणपत्र मिळालं, ते त्यांनी लॅमिनेट करून घेतलं, आणि एका वकील सदस्यांनी गंभीरपणे मुद्दा काढला की आता यांना सामान्य म्हणता येईल का. मुद्दा इतिवृत्तात नोंदवला आहे.

पण खरं सांगायचं तर त्या समितीत सर्वांत कामाचा माणूस तोच निघाला. बाळांच्या रक्ततपासणीचं संमतिपत्र आलं होतं. मराठी भाषांतर शुद्ध, इतकं शुद्ध की ‘सहभागी व्यक्तीस कोणत्याही क्षणी विनाकारण माघार घेण्याची मुभा राहील’ असं वाक्य त्यात होतं. डॉक्टरांनी ते पास केलं, वकिलांनीही. हे गृहस्थ म्हणाले, “विनाकारण कोण माघार घेतं हो? आई घाबरली की घेते. तिथे असं लिहा की नको वाटलं तर नाही म्हणा, तुमच्या बाळाचे दवाखान्यातले उपचार तरीही सुरू राहतील.” खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग सर म्हणाले, “मॅडम, बदलून घ्या.” हा मात्र खरोखरच छोटासा बदल होता.

संमतिपत्रावरून मला नेहमी १९५४ ची अमेरिका आठवते. तिथे साल्कच्या पोलिओ लशीची चाचणी झाली, तीत १८ लाखांवर शाळकरी मुलं होती. त्या चाचणीमागे सरकार नव्हतं. आमच्यासारखीच एक धर्मादाय संस्था होती, अर्थात आमच्याहून बरीच थोर. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना स्वतःला वयाच्या ३९ व्या वर्षी पोलिओ झालेला; त्यांनी १९३८ मध्ये ही संस्था काढली आणि तिचा कारभार आपले वकिलीतले भागीदार बेसिल ओ’कॉनर यांच्या हाती सोपवला. त्या वर्षी एडी कँटर नावाच्या विनोदी नटानं रेडिओवरून लोकांना आवाहन केलं की प्रत्येकानं एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसला पाठवा. लोकांनी पाठवलं. पाकिटांत, पुठ्ठ्यांना चिकटवून, पोती भरभरून. राष्ट्राध्यक्षांची सरकारी डाक त्या ढिगाऱ्यात सापडेना. सगळी मिळून नाणी निघाली सुमारे २६ लाख ८० हजार. मोहिमेचं नाव पडलं मार्च ऑफ डाइम्स, आणि पुढे संस्थेचंही तेच झालं. १९४६ मध्ये रूझवेल्टचा चेहरा डाइमवर आला तो याच नात्यानं.

इतिहासात साल्क आहे, रूझवेल्ट आहे, कँटरही आहे. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न आला: ती पाकिटं फोडली कुणी? २६ लाख नाणी पुठ्ठ्यावरून सोलली कुणी, मोजली कुणी, आणि जमा-पावत्या कुणी केल्या? त्या बायाबापड्यांचं नाव नाही. पण त्या संस्थेबद्दल आमच्या जातीच्या लोकांनी मान लववावी असं आणखी एक आहे. प्रयोगशाळांना अनुदान देताना वीज-पाण्याचा, कारकुनाचा, त्या अप्रत्यक्ष म्हणवल्या जाणाऱ्या खर्चाचा वाटाही द्यायला हवा, हे त्यांना इतरांच्या फार आधी पटलं होतं.

आणि तो फॉर्म. मुलाला चाचणीत घ्यायचं तर आईबापांची सही लागणार. इतर ठिकाणी पालक ‘संमती’ देतात. या फॉर्मवर पालक ‘विनंती’ करत होते, की माझ्या पाल्याला या चाचणीत घ्यावं. संस्था मागत नव्हती, आई मागत होती. त्यामागचं डोकं वकिलाचं होतं हे उघड आहे आणि आजच्या कुठल्याही नैतिकता समितीनं, निदान आमच्या स्टेशनरीवाल्या सदस्यांनी, तो कागद परत पाठवला असता. पण एक कारकून म्हणून मी त्या मसुद्यापुढे हात जोडते. फॉर्म नावाची वस्तू किती दूरवर मारा करते ते तिथे दिसतं. लाखो मुलांच्या नोंदी पुढे मिशिगन विद्यापीठात डॉ. थॉमस फ्रान्सिस यांच्याकडे जमल्या, कार्डांना भोकं पाडून यंत्रांत घातल्या गेल्या आणि १२ एप्रिल १९५५ ला निकाल जाहीर झाला की लस सुरक्षित आहे, परिणामकारक आहे. चर्चमधल्या घंटा वाजल्या म्हणतात. भोकं पाडणाऱ्या मुली त्या दिवशी बहुधा उरलेली कार्डं लावत बसल्या असतील.

अशा नोंदींचं आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रानं माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले साउथॅम्प्टनचे संशोधक मिळून. पैसे लंडनच्या वेलकम ट्रस्टचे. आपल्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण आपल्या बारक्या बाळांच्या अंगावर मांस कमी असलं तरी चरबी तितकी कमी नाही, असं त्यातून दिसलं, आणि मधुमेह आपल्याला एवढा का छळतो याचा एक धागा पाळण्यापर्यंत गेला. हे जगभर गाजलं. मी त्या संस्थेतली नव्हे. मला त्या अभ्यासातली एक वेगळीच गोष्ट भारावून टाकते. दिवस राहण्याआधीपासून नोंद हवी म्हणून त्या गावांतल्या दोन हजारांहून अधिक बायकांकडे दर महिन्याला कुणीतरी जायचं आणि पाळीची तारीख विचारून यायचं. दर महिन्याला. उन्हात, चिखलात, लगीनसराईत, सुगीत. म्हणजे दर महिन्याला प्रवासखर्चाची व्हाउचरं. ती फाइल मला एकदा नुसती हातात घेऊन बघायची आहे.

कारण फाइल बघितल्याशिवाय फील्ड म्हणजे काय ते समजत नाही. आमच्या ताई, म्हणजे गावोगाव जाणाऱ्या फील्ड वर्कर, महिन्याच्या एक तारखेला पिशवी घेऊन माझ्यासमोर बसतात. पिशवीतून तिकिटं निघतात. एसटीचं यंत्रातलं तिकीट चार दिवस कनवटीला राहिलं की त्यावरची छपाई उडते आणि हातात उरतो तो निव्वळ गुळगुळीत कागद. “ताई, हे कोरं आहे.” “कोरं कसं? बघा ना, उजेडात धरा.” मी खिडकीशी जाऊन धरते. तिरपं धरलं की ‘राजगुरुनगर’मधला ‘नगर’ दिसतो. मग त्याची झेरॉक्स काढायची, झेरॉक्समध्ये तर काहीच येत नाही, म्हणून मूळ तिकीट चिकटवून खाली लिहायचं: सोबत तिकीट जोडले आहे, छपाई अस्पष्ट, सही.

एसटी निदान तिकीट देते. फाट्यावरून आत वाडीवर जाणारं वडाप काही देत नाही. नियम असा की पावती नसेल तर गाडीवाल्याची सही घ्या. एका ताईंनी प्रामाणिकपणे व्हाउचर पुढे केलं, तर जीपवाला गाडीतून उतरून चार पावलं मागे सरला. म्हणाला, “सही कशाची? जामीन-बिमीन नाय ना ऱ्हायचं?” वीस रुपयांसाठी तो सही देईना, शेवटी म्हणाला पैसे राहू द्या पण कागद नको. आणि ताईंनी वीस रुपये देऊन, कागदावर ‘चालकाने सही देण्यास नकार दिला’ असं लिहून, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. साक्षीदार कोण? जीपमधल्या बाकीच्या प्रवासी बाया. त्यातली एक पुढे आमच्या अभ्यासात सहभागी झाली. ऑडिटरनं ते व्हाउचर पाहून एक अक्षर न बोलता टिक केली.

दूर कुठेतरी बसलेल्या माणसानं, ज्यानं ना ही वाडी पाहिली ना या ताई, त्यानं आपला पैसा इथल्या बाळांसाठी पाठवायचा म्हणजे तो काही आमच्या तोंडाकडे बघून पाठवत नाही. तो त्या चिकटवलेल्या गुळगुळीत कागदाकडे बघून पाठवतो. या धंद्यात कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नाही, हे तर पहिल्या फॉर्मवरच दिसतं. आणि तरी इतकी वर्षं समुद्रापलीकडून अनोळखी लोक पैसे पाठवत राहिले आहेत. मला तर कधीकधी वाटतं, विश्वास ठेवायला सांगितला असता तर कुणी दमडी दिली नसती.

मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारनं एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. सगळा महाराष्ट्र खूश झाला. आमच्या ऑफिसात चिंतेचं वातावरण पसरलं. आमच्या फील्डवरच्या झाडून सगळ्या बाया. प्रवासखर्चाचं बजेट पूर्ण तिकिटाच्या हिशोबानं मंजूर झालेलं. वर्षअखेर प्रवासाच्या सदरात पैसे ढीगभर उरले. परदेशी दात्याकडून विचारणा आली की मंजूर रकमेपेक्षा एवढा कमी खर्च झाला, त्या अर्थी घरभेटी ठरल्याप्रमाणे झाल्या नाहीत काय? आता जास्त खर्च झाला तर माफी मागता येते. कमी झाला तर काय मागायचं? मी स्पष्टीकरण लिहायला घेतलं. महाराष्ट्र शासन, राज्य परिवहन महामंडळ, महिला सन्मान योजना. शासननिर्णय इंग्रजीत करून जोडला. पलीकडून उत्तर आलं: फार छान, पण ही सवलत प्रकल्पाच्या पुढच्या वर्षांतही चालू राहील याची हमी देता येईल का? निवडणुका तोंडावर होत्या. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, “हमी मी बाळांच्या वजनाचीसुद्धा देत नाही.”

सरकारी अनुदानाची तऱ्हा निराळी. तिथे उरलेले पैसे परत, आणि त्या पैशांवर बँकेनं दिलेलं व्याजही परत, भारताच्या संचित निधीत. तीनशे-सव्वातीनशे रुपयांचं व्याज भारतकोश पोर्टलवरून देशाच्या तिजोरीत भरताना काका कुंकवाचं बोट लावल्यासारखं ते बटण दाबतात. मग उपयोगिता प्रमाणपत्र, जीएफआर १२-अ. मिळालेले पैसे ज्या कामासाठी मिळाले त्याच कामासाठी वापरले, असं छातीठोकपणे सांगणारा तो एक पानाचा दस्त. अनुदानातून घेतलेल्या वस्तूही पूर्णपणे आमच्या होत नाहीत. मंजुरीशिवाय त्या विकता येत नाहीत, टाकता येत नाहीत. आमच्या जिन्याखाली एक फ्रीज कित्येक वर्षं बंद पडून आहे. ज्या खात्यानं तो दिला त्या खात्याचं नाव मध्यंतरी बदललं, फाइल कुठे गेली माहीत नाही, आणि निर्लेखनाची परवानगी द्यायची कुणी, यावर पत्रव्यवहार चालू आहे. दर मार्चअखेरीला काका रजिस्टर घेऊन खाली जातात, फ्रीजवरचा क्रमांक वाचतात आणि ‘अस्तित्वात आहे’ अशी नोंद करतात. त्यात शिपायाचे झाडू ठेवलेले असतात. झाडूंची नोंद वेगळी.

मध्यंतरी सरांचा एक मोठा पेपर चांगल्या नियतकालिकात लागला. सगळे आनंदात होते, पेढे आले. (पेढ्यांचं बिल कुणी मागितलं नाही, कारण ते कुठल्याच सदरात बसत नाहीत आणि म्हणूनच ते घरचे असतात.) मी पेपर नेहमी शेवटाकडून वाचते. ऋणनिर्देशात दात्याचं नाव बरोबर होतं, ग्रँट नंबरातले सगळे आकडे जागच्या जागी होते. मग सर म्हणाले की पेपर कुणालाही फुकट वाचता यावा म्हणून नियतकालिकाची काही फी भरायची आहे. बिल डॉलरमध्ये होतं. रुपयांत करून पाहिलं आणि मी पेढा खाली ठेवला. प्रकल्प मार्चमध्येच मिटला होता. उपयोगिता प्रमाणपत्र गेलं होतं, व्याज संचित निधीत गेलं होतं, खात्यात शून्य होतं. दुसऱ्या ग्रँटमधून हा खर्च करायचा म्हणजे त्या दात्याशी बेइमानी.

काकांनी बिल हातात घेतलं, उलटं केलं, मागे काही लिहिलंय का पाहिलं.

“जनरल फंडातून होईल का हो काका?” सरांनी विचारलं.

“होईल की,” काका म्हणाले, “पण त्यातून यंदा गच्चीची गळती काढायची ठरलीय. दोन्ही नाही व्हायचं. एक काहीतरी सांगा.”

सरांनी हळूच वर पाहिलं. गळत होतं ते त्यांच्याच केबिनमध्ये. मला म्हणाले, “मॅडम, एक बादली घ्या. उपभोग्य वस्तूंत.”